पान चौदा, टीप तीन

महिन्यातून दोन शनिवार, डब्यूकमध्ये,
लुथरन देवळाच्या तळघरात
घडीच्या खुर्च्या, पाणचट कॉफी,
आणि बटाट्याचं थरावर थर लावलेलं काहीतरी,
ज्याचं नाव विचारायचं बारा वर्षं राहून गेलंय.

इथे मी पंच.
व्हर्नन स्टुबेला बारीक टाइप वाचवेना
आणि माझं इंग्रजी, ते म्हणाले, कोर्टातल्यासारखं आहे.
मी ट्रॅक्टरच्या कारखान्यात गिअर तपासतो.
दाताला दात नीट लागतो का,
एवढंच मला कळतं.

वडील राहुरीला पाळक होते. घरात पत्ते सापडले की म्हणायचे,
बावन्न पापं, आणि वर एक हसणारं.
एकदा सगळा जोड चुलीत घातला.
बदामची राणी शेवटपर्यंत जळेना.
आता त्यांना कसं सांगू,
की इथे देवळाच्याच पोटात पानं पिसतात,
पानांवर संदेष्टे असतात, देवदूत असतात,
हल्ला सात, बचाव नऊ.

फेब्रुवारीत वाद झाला तो असा:
टेबल चार. व्हर्ननसमोर माझी सुवार्ता, वय तेरा.
तिने 'क्षमा' उतरवली.
*टाकलेल्यांतलं कोणतंही एक पान परत घ्यावं.*
मग 'संध्याकाळची घंटा'.
*या डावात वापरलेलं एक पान पुन्हा वापरावं.*
घंटेने क्षमा वाजली, क्षमेने घंटा उचलली,
घंटेने पुन्हा क्षमा,
आणि दर फेरीला तिच्या 'आंधळीच्या दिव्यात'
तेलाचा एक थेंब.
चाळीस थेंब झाले की जिंकली.

अकराव्या थेंबाला व्हर्नन म्हणाला, थांब.
क्षमा अशी रहाटाला जुंपायची नसते.
कुठे लिहिलंय?
पान चौदा, टीप तीन, मुंगीएवढं अक्षर:
प्रत्येक क्षमा डावात एकदाच.
डाव म्हणजे एक पाळी, की अख्खा खेळ?
आणि परत आलेलं पान तेच, की नवं?
लाइल म्हणाला, देवाची क्षमा अमर्याद आहे.
ग्रेटाबाई म्हणाल्या, असेल,
पण सहाला गोधडीवाल्या येतात, टेबलं लागतील.
एक पोरगा शब्दकोश काढून बसला.

मी मनातल्या मनात मराठी करून पाहिलं.
*घ्यावं.*
हे आर्जव की हुकूम?
आमच्याकडे दोघं एकाच अनुस्वाराखाली राहतात,
यावं, बसावं,
दार लोटून घ्यावं.
दात बघत राहिलो. बहुधा लागत होते.
सगळे माझ्याकडे बघत होते आणि मुलगी माझी होती,
म्हणून मी निकाल तिच्याविरुद्ध दिला.

त्या वाक्यात 'म्हणून' बसत नव्हता.
ते मला दिसलं पार्किंगमध्ये,
काचेवरचा बर्फ खरवडताना.

नदीवरचा पूल संपेपर्यंत ती बोलली नाही.
पुलापलीकडे राज्य बदलतं,
पेट्रोलचा भाव बदलतो.
तेव्हाही नाही बोलली.

मार्चमध्ये कंपनीचा कागद आला.
टीप तीन फक्त सोनेरी किनारीच्या पानांना लागू.
तिच्या पानाला किनारच नव्हती,
साधं छापील, कोपरा दुमडलेला.
मी उभा राहून वाचून दाखवलं, माझ्या नावासकट.
व्हर्नन टेबलाला वळसा घालून गेला
आणि तिचा हात हातात घेऊन
जरा जास्तच वेळ हलवत राहिला.

घरी म्हटलं, आता लाव तो डाव. माझ्याशी लाव.
क्षमा? ती म्हणाली, ती तर कधीच देऊन टाकली.
दोन टोळधाडी मिळाल्या तिच्यावर,
आणि एक चमकणारं गाढव.

गाढव?

चांगलं आहे, बाबा, ती म्हणाली, पानं पिसत.
त्याला टिपा नाहीत.