रिकाम्या पोटी

लवू, उद्यापासून तुझीही कॅप्सूल सुरू.
पहाटे साडेपाच, रिकाम्या पोटी.
नंतरचा एक तास काही नाही, चहासुद्धा नाही,
रापणीवरून हाक आली तरी नाही.

डब्यातला तो घडीचा कागद तू वाचू नकोस.
मी वाचलाय, आईचा चष्मा लावून, दोनदा,
आणि त्यातलं निम्मं माझ्या अंगावर उमटून गेलंय.

बाटली उघडलीस की गंधकाचा वास येईल,
दिवाळीनंतरच्या अंगणासारखा.
दहाव्या दिवशी मला ताप आला,
पाठभर पुरळ, ओहोटीच्या वाळूवर
बारक्या कुर्ल्यांनी गोळ्या मांडाव्यात तसं.
बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी औषध थांबवलं,
मग पुन्हा दिलं, पाव, निम्मं,
होडी पाण्यात ढकलतात तसं सावकाश.

मग चव गेली.
आधी गोड, मग तिरफळ, शेवटी मीठ.
समुद्रापासून ऐंशी पावलांवर राहायचं
आणि मीठ हरवलं म्हणायचं कुणाला?
तीन महिने मी "बरं झालंय" म्हणत जेवले.
एकदा आई बांगड्याच्या तिखल्यात मीठच विसरली.
बाबांनी ताट सरकवलं, तू तोंड वाकडं केलंस,
मी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
आई पळी हातात धरून बघत राहिली.
"माका सांगूक काय झाला तुका?"

तांबं सगळ्यांच्या पोटात जातं, लवू,
आपल्या दोघांत ते परत निघायचं विसरतं.
लिव्हरमध्ये बसतं, मेंदूत बसतं,
डोळ्यात कडं करून बसतं.
माझं कडं बघून इंदूकाकी म्हणायची,
"डोळे बघा पोरीचे, मधासारखे."

हंडा, घंगाळ, बंब सगळं आईने मोडीत घातलं.
शब्द कसा घालणार?
स्टीलचा आणला तरी ती म्हणते,
"लवू, तांब्या भरून हाड."

काजू नाहीत. अळंबी नाहीत.
कालवं नाहीत,
आईने आचऱ्याच्या खाडीत कमरेपर्यंत उभं राहून
खडकावरून फोडलेली, माझी फी झालेली कालवं.
ती आता विकून येते, आणि घरात शिरायच्या आधी
विहिरीवर हात धुते.

हो, आणि कॅन.
चोवीस तासांची लघवी साठवायची, तपासणीला न्यायची.
माझा कॅन पूर्वी आगळाचा होता.
कणकवलीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला,
"कोकम काय? कसो लिटर?"
मी खिडकीबाहेर बघून हसले, रडायचं तिथं.
तू नवा कॅन घे.

सुरुवातीला माझा हात जास्तच कापला,
सहीतला 'कुबल' भरतीच्या पाण्यात लिहिल्यासारखा.
तुझा कापत नाही.
तू म्हणतोस, मला काही झालेलंच नाही.
खरंय. आजाराने तुला अजून हात लावला नाही,
कदाचित औषधच आधी लावेल.
हे अन्यायाचं आहे, मला मान्य आहे. तरी घ्यायचं.

घसा दुखला, ताप आला, लघवीला फेस आला,
टोपलीचा काठ लागून कातडीखाली निळं झालं,
तर मुकाट्याने सोसू नकोस. मी सोसलं, तेवढं पुरे.

चव? आली परत.
एका दुपारी कोकमाचं साल चघळताना
जिभेच्या डाव्या कडेला, चोरासारखी.
गोड अजून पुरतं आलेलं नाही.
तुझी जाईल की राहील, मला माहीत नाही.
कागदालाही माहीत नाही, तो नुसतं 'क्वचित' म्हणतो.

उद्या साडेपाचला मी उठवेन.
माझी गोळी, तुझी गोळी, ती गुलाबी बी-सिक्स नंतर.
मग पडवीत बसू तासभर, दोघंही उपाशी.
रापण ओढणारे काय सापडलं ते ओरडून सांगतील.
आई चुलीपाशी मीठ चाखून बघत असेल.
आता ती रोज दोनदा चाखते.