गरवारे पॉइंटच्या अलीकडे

दिंडोरीजवळच्या केंद्रात साडेपाच महिने
मला एकदाही आठवण झाली नाही.
खरंच सांगतो.
सकाळी बागेत फवारणीचा ट्रॅक्टर,
दुपारी वरण, संध्याकाळी व्हॉलीबॉल.
घुगे मॅडमनी वहीत लिहिलं : ओढ नाही.
खाली मीही सही केली.

मग दाजी न्यायला आले स्कूटरवर.
पिशवी मांडीवर घेऊन मी मागे.
मुंबई नाक्यापर्यंत ठीक होतो,
उसाचा रससुद्धा प्यायलो, आलं घातलेला.

गरवारे पॉइंटच्या अलीकडे
प्रेसचा ठोका ऐकू आला.
धप्प.
दोन सेकंद.
धप्प.

जबडा आपोआप आवळला.
तळव्यांना घाम, जीभ पापडासारखी.
काही घेतलं नव्हतं हो मी.
रसाशिवाय पोटात काही नव्हतं,
तरी छातीत सगळी तिसरी शिफ्ट
कार्ड पंच करून हजर.

तीच चिमूट एकदा सिन्नरला घेतली होती,
मावसबहिणीच्या हळदीत.
शेडमध्ये तिच्या जोरावर चारशे पीस जास्त काढायचो,
हात जणू दुसऱ्याचे.
मांडवात मात्र नुसती भीती.
पातेल्यावर डाव आपटला तरी दचकत होतो.
न्हाणीला कडी लावून बसलो,
बाहेरून आत्या विचारतेय, जेवलास का रे?
पुडी तीच. देणाराही तोच.

आणि शकूर.
रोजच्याइतकीच घेतली त्यानं, कणभर जास्त नाही.
फक्त गाव परकं, लॉजची खोली नवी.
मॅडम म्हणाल्या होत्या, शरीर जागा ओळखतं.
ओळखीच्या खोलीत ते आधीच
उंबऱ्यात पाय रोवून उभं राहतं.
परक्या खोलीत बेसावध सापडतं.
तेव्हा मला ते पुस्तकी वाटलं,
मी खिडकीतून बॉल कुणाकडे गेला ते बघत होतो.

दाजींच्या खांद्यावर थाप मारली.
मागे वळा, म्हटलं, पाथर्डी फाट्यावरून आत घ्या.
त्यांनी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं,
विचारलं काहीच नाही,
वळवली.

आता ताईकडे राहतो, चुंचाळ्यात.
रात्री वारा फिरला की ठोका इथंही येतो.
ताई उठून खिडकी लावते.
मी बडीशेप चावत बसतो,
जबड्याला काहीतरी काम.
मोजतो.
धप्प. दोन सेकंद. धप्प.

कधी मध्येच तीन होतात, चार होतात.
पलीकडे कुणाला तरी डुलकी लागलेली असते.
मी अंथरुणात उठून बसतो :
आता त्याच्या शेजारचा
खिशात हात घालील.