नळ

पहिले दोन महिने उदगीरला मी पाहुणी होते.
माझा ग्लास वेगळा, काचेचा. पाण्याचा जार वेगळा.
माझ्या धपाट्यात तिखट कमी,
तेही काकू आधी चाखून बघायच्या.
माझं नाव घ्यायला घरात कुणी धजत नव्हतं:
"त्यांना वाढ." "हळू, त्या झोपल्यात."

पुस्तकातून शिकलेली माझी मराठी
"मी शाळेत जात आहे" अशी इस्त्री करून निघायची.
गिरिजा हसायची, "जायलेय म्हणा की, मॅडम."

नळ नवव्या दिवशी यायचा, रात्री केव्हाही.
भिंतीपलीकडं बादल्या, मोटरची घरघर,
दबक्या आवाजातली भांडणं.
मी जागीच, पडून,
दाराबाहेर राहिलेल्या चपलेसारखी.

मग एकदा अडीच वाजता
धाडकन दार. महानंदाकाकू, पदर खोचलेला:
"ए इलोना, ऊठ की! झोपायलीस काय?
नळ आलाय, पाईप धर!"

धरला. निसटला. नखशिखांत भिजले.
"ध्यान कुठंय तुझं?" काकू खेकसल्या.

सेगेडहून आई विचारते फोनवर,
नीट वागवतात ना गं तुला?

रागावतात, मी सांगते.
तिला कळत नाही
मी हसायलेय कशाला.