'समजेल' या शब्दावर काट

लांजेवार मॅडमनी माझ्या कागदावर
पहिल्याच ओळीत काट मारली.
'सत्राअखेर लाइनमनला सुरक्षेचं महत्त्व समजेल.'
म्हणाल्या, समजलेलं दिसतं कुठं?
नाकावर? कानाच्या पाळीवर?
कूलरमधलं पाणी संपलेलं, वाळा करपलेला,
हिंगण्याच्या त्या प्रशिक्षण केंद्रात
मे महिना टेबलावर कोपरं टेकून बसलेला.

मी लिहिलं : जाणीव होईल.
काट.
दृष्टिकोन विकसित होईल.
त्या हसल्या. 'ही पण मारते, आधी चहा सांग.'

चहा येईस्तोवर मला गेल्या वर्षीचं सत्र आठवत राहिलं.
सत्तावीस जण, पंचावन्न स्लाइड,
जेवणात भरली वांगी आणि जिलबी.
शेवटी मी विचारलं, समजलं ना सगळ्यांना?
हो, म्हणाले, एका आवाजात.
त्या आवाजात देवचंद उईकेही होता.
वीसपैकी अठरा मार्क,
आणि सात आठवड्यांनी वाडीच्या फीडरवर
अर्थिंगचा रॉड त्यानं गाडीतच ठेवला.
उजव्या हाताची तीन बोटं.
दवाखान्यात म्हणाला,
'समजलंच होतं ना जी मॅडम.
पन खालून लोकं ओरडून राहिले होते,
दोन घंट्यापासून लाइट नव्हती.
हाताले कोनी सांगतलंच नाही.'

हाताला सांगायचं तर क्रियापद लागतं.
नवा कागद. तपासेल. जोडेल. थांबेल.
कुठं थांबेल? वर्गात पंख्याखाली?
'वर्गात नको. मागच्या मैदानातला खांब घे,
दुपारचे दोन, हातमोजे घातलेले,
खाली चार जण उभे कर, तोंडाळ.
त्यातला एक नगरसेवकाची ओळख सांगणारा.'

मी लिहिलं : योग्य रीतीने.
योग्य म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही,
नुसतं पेन टकटक केलं.
मग लिहिलं : तिन्ही तारा टेस्टरनं, एकेक करून.
रॉडचं जमिनीकडचं टोक आधी, तारेकडचं नंतर.
दहापैकी नऊ वेळा.

'दहाव्या वेळी वर कोण आहे? नाव सांग.'

ती काट मी स्वतः मारली.

एका वाक्याला अख्खी दुपार गेली.
तोवर वाडी रोडवरचे ट्रक जाऊन
भाजीच्या हातगाड्या आल्या होत्या.

सोमवारी नवी बॅच.
खाली ओरडणाऱ्या चौघांत उईके,
उरलेल्या सात बोटांचा भोंगा करून :
'काहून बे, झोपला का वरतं? लाइट कधी येते?'
वर पवनीचा पोरगा, मानेवरून घाम,
टेस्टर दोन तारांना लागला.
तिसरी राहिली.
'अबे टाक ना लवकर!'
पोरगा थांबला.
माझी पेन्सिल चौकोनावर टेकलेली, खूण नाही अजून.
उईके आणखी जोरात ओरडला.