शितावरून

लाँग्टनच्या कारखान्यात मी कपांना टिचकी मारते.
खणखणीत वाजला तर पुढे,
बद्द वाजला तर कुठेतरी चीर.
इचलकरंजीच्या बाजारात आई माठ असाच घ्यायची,
दुकानदाराचं तोंड वाकडं होईपर्यंत वाजवून.

दिवसाला दोनशे, हजारोंतून उचललेले.
शितावरून भाताची परीक्षा, मी पहिल्याच आठवड्यात समजावलं.
मिस्टर ब्लोर म्हणाले, इथे भात शिजत नाही.

प्रत्येक कपापुढे दोनच वाटा,
टिकायचं नाहीतर तडकायचं.
शंभरात दीड तडकतात, ही भट्टीची जुनी खोड.
दीड कप कुणी पाहिलेला नाही.
दोनशेत तीन, हे मी पाहते:
कधी दोन, कधी पाच,
विसांतून एखाद्या दिवशी एकही नाही,
तेव्हा ब्लोर विचारतात, आज कान दुखतोय का?

खरं सूत्र लांबलचक.
दोनशेच्या क्रमगुणितापाशी माझा कॅल्क्युलेटर हात टेकतो.
म्हणून पॉयसाँचं कोष्टक, दुर्मिळ गोष्टींसाठी:
त्याला सरासरी तेवढी सांगायची,
बाकीचं घर तो तीनवर उभं करतो,
आणि भिंत कुठे बोटभर कललेली असली
तरी राहायला अडचण येत नाही.

दहा दिवसांचे दोन हजार झाले
की आकड्यांच्या पायऱ्यांवर
घंटेच्या आकाराची सतरंजी अंथरायची.
चाळीसपर्यंत माल पास. पण चाळीस नाही मांडायचं,
साडेचाळीस मांडायचं,
चाळीस आणि एकेचाळीस यांच्या मधे,
जिथे एकही कप उभा राहू शकत नाही.
ब्लोरना हा अर्धा पटत नाही.
मला पटतो. आमचे मुहूर्तच साडेतीन,
आणि त्यातला अर्धा नेमका कुठला
यावर दर वर्षी घरात दोन पक्ष.

अट एकच, पुस्तकात बारीक अक्षरांत:
एका कपाचं दुसऱ्याला काही ठाऊक नसावं.

मंगळवारी नऊ निघाले.

मी पुन्हा वाजवले. नऊच.
कोष्टकात बघितलं,
घरी लॅपटॉपवर खरं सूत्रही चालवलं:
नऊ किंवा जास्त, हजार दिवसांत चारदासुद्धा नाही.
तरी चारदाच्या आसपास आहे ना, मी स्वतःशी म्हटलं,
एखादा हजारावा दिवस मंगळवारीच यायचा असेल.

मग चिरा पाहिल्या.
सगळ्या कानाच्या मुळाशी.
कान चिकटवते डोरिन टनिक्लिफ,
एकोणचाळीस वर्षं,
मातीच्या चिखलात बोट बुडवून,
न बघता, नातवाबद्दल बोलत.
नऊ कपांना एकमेकांचं ठाऊक होतं.

डबा खायला मी तिच्या बाकावर गेले.
काही विचारलं नव्हतं.
तिनं उजवा हात ॲप्रनच्या खिशात घातला,
आणि डाव्यानं मला बिस्किट दिलं.

तक्त्यात एक रकाना असतो: कारण.
तिथे मी लिहिलं, नमुना पुन्हा घ्यावा.
खोटं नव्हतं. शास्त्राला धरून होतं.
एवढा तरी अर्धा मला मिळायला हवा होता,
होय आणि नाही यांच्या मधला.

बुधवारी सकाळी यादृच्छिक आकड्यांची यादी काढली.
पहिलाच आला चौदा.
चौदाव्या ट्रेवर खडूनं डी. टी.
हात सोळाकडे गेला.
तिथे थोडा वेळ राहिला.
बाहेर जुन्या बाटलीसारख्या भट्टीवर,
जी आता कुणी पेटवत नाही,
दोन कबुतरं बसली होती, एक उडालं.

मी चौदा ओढला.
वरचा कप कानाशी धरून टिचकी मारली.
खणखणीत.
एकशे नव्व्याण्णव उरले.