फीच्या ऑफिसातलं झाड

मशीन चालू आहे ना तुझं? ठेव तिथे, साखरेच्या भांड्यापाशी.
तू विचारतेस, त्या अकरा दिवसांत कठीण काय होतं.
कठीण ते आधीचं, पोरी.
वर्ग गच्च भरलेला, आणि माझ्या शेजारची खुर्ची
मार्च उजाडला तरी रिकामी.
दवाखान्यातली नर्स थर्मामीटर माझ्या हातात द्यायची.
बाकीच्यांना तोंडात.

आम्ही सदतीस जण पहाटे आत शिरलो.
ओहायोतली फेब्रुवारी, श्वास दिसायचा.
लुशियसने दाराला साखळी घातली, किल्ली बुटात टाकली
आणि अकरा दिवस लंगडत फिरला.
पेपरात आलं : जखमी नेता.

खिडकीखाली अंडी फुटत होती. बर्फाचे गोळे यायचे,
काहींच्या पोटात दगड.
मागच्या बाजूने भटारखान्यातल्या बायका
दोरीला टोपली बांधून द्यायच्या : घेवडा, मक्याचा पाव,
एकदा कुणाचे तरी लोकरी मोजे.
आमची नववी मागणी त्यांच्या आजारपणाच्या रजेची होती.
आम्ही त्यांना विचारलंही नव्हतं.

मिसेस क्विग्लीच्या टेबलावर एक कुंडी होती.
चिठ्ठी : हात लावू नये.
ओडेसा रोज सकाळी तिला पाणी घालायची.
नाव काय, तर आफ्रिकन व्हायोलेट.
हसून हसून आमची पोटं दुखली.
निघताना आम्ही फरशी पुसली, यादी केली :
एक काच, एक कप, टाइपरायटरची फीत.
पैसे पाकिटात घालून ठेवले.

बारा मागण्यांपैकी नऊ मान्य झाल्या.
तीन अजून समितीत आहेत, जाशील तेव्हा विचार.
तिघांना काढून टाकलं. ओडेसा त्यातली.
भिंतीवर आता पितळी पाटी आहे, म्हणे संवादाची परंपरा.
तिच्या नावात एक अक्षर चुकलंय.

ती सामान घ्यायला गेली तेव्हा कुंडी कचऱ्याच्या डब्यात होती,
माती ओलीच, दोन फुलांसकट.
मांडीवर घेऊन बसने गेली अलाबामाला,
सव्वीस तास.

आता मशीन बंद कर.
त्या खिडकीतलं एक पान खुडून ने, देठासकट.
पानापासून लागतं ते. मलाही तिने पाकिटातून पानच पाठवलं होतं.
वरून पाणी घालू नकोस, डाग पडतात.
बशीत घाल.
खालून.