तळहात

लेशेक प्रुख्निक तीस वर्षं मक्याच्या पिटात उभा होता,
शिकागोत, पिवळं जाकीट घालून.
तळहात आपल्याकडे वळवला की घेतलं,
जगाकडे केला की दिलं.
घसा रोज बसायचा,
मेळ क्वचित.

आता त्याचे पैसे एक प्रोग्राम सांभाळतो.
त्याला मका ठाऊक नाही;
चढतंय की उतरतंय, एवढंच.
दहातले सहा सौदे चुकतो,
आणि चूक लहान आहे तोवरच
हात झटकून मोकळा होतो.
लेशेकला हे कधी साधलं नाही,
ना सोयाबीनमध्ये, ना हेडविगच्या बाबतीत.

महिन्याचं पत्रक येतं:
कोको वर, गॅस खाली,
एकूण उणे एक पूर्णांक दोन.
तो ते फ्रिजवर लावतो,
दातांच्या डॉक्टरच्या तारखेशेजारी.

काल आयोवाहून भाचा आला, पोतंभर कणसं घेऊन.
लेशेकनं एक सोललं, दाण्यात नख रुतवलं.
दूध उडालं मनगटावर.
"बोल मामा, काय भाव?"
भाच्यानं आपली थट्टा केली.

म्हाताऱ्याचा हात झटक्यात वर गेला
आणि तिथेच राहिला,
तळवा ना आत, ना बाहेर.
दूध ओघळत
कोपरापर्यंत आलं.